तिथीची पाऊणपट

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आमच्या घराने दोन खेपांत पूर्ण केली. पहिल्या खेपेला आम्ही पायऱ्यांच्या तळाशी पोचलो, समोरची लाट पाहिली आणि आल्या पायऱ्यांनी परत वर चढलो.

ती खेप दत्तजयंतीची. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, म्हसळा करत सकाळी अकराला पोचलो. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असं दर्शन रीतसर झालं आणि बाराच्या सुमारास आम्ही प्रदक्षिणेच्या वाटेला लागलो. देवळामागून पायऱ्या चढून जायचं आणि दोन कातळांमधल्या अरुंद घळीतून खाली समुद्रावर उतरायचं. ती गणेशगल्ली. खाली पाहिलं तर चालायची वाट म्हणतात तिथे पांढरा फेस! आमच्या पुढे गेलेल्या पोरांच्या एका घोळक्याला वरून लोक ओरडून परत बोलावत होते. एकाच्या चपला गेल्या होत्या आणि त्याला त्याचंच हसू येत होतं. हसण्यासारखं त्यात काही नाही. या वाटेवर माणसं वाहून गेलेली आहेत, तशा पाट्याही लावलेल्या आहेत.

वर आल्यावर नारळवाला म्हणाला, “पुनवेला दुपारी बाराला कोण येतं प्रदक्षिणेला? तिथी बघून यायचं.”

त्यावर आमच्या आई (म्हणजे माझ्या सासूबाई, माहेर गुहागर) शांतपणे म्हणाल्या, “मला ठाऊक होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“विचारलंत का कोणी? गाडीत बसा म्हणालात, बसले.”

तर हा सगळा हिशोब घरातच होता. परतीच्या वाटेवर त्यांनी तो सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणून पूर्ण भरती तीनला, दुपारी आणि पहाटेही. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध-वद्य दोन्हीला हिशोब एकच. पुनवेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे आम्ही नेमके ऐन भरतीत तिथे उभे होतो. शिवाय पुनव-अवसेला उधाणाची भरती, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही.

आमची मुलगी सातवीत आहे आणि तिला कुठलीही गोष्ट पटकन पटत नाही. तिने मोबाइलवर आकडे मांडले. “आजी, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे पावणेएक. रोज पाऊण तास पुढे जाते म्हणतेस, मग एका दिवसात दीड तास कशी गेली?”

आई म्हणाल्या, “जाते.”

घाट चढून होईपर्यंत तिने उत्तर काढलं होतं. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकायला हवी, म्हणजे तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊणपट नाही, चार पंचमांश पट पाहिजे! पुनवेला मग बरोबर बारा येतात. मला हे ऐकून अभिमान वाटला आणि आईंना मुळीच वाटला नाही.

महिनाभराने पुन्हा जायचं ठरलं तेव्हा कालनिर्णय टेबलावर पसरला. मला सकाळी नऊच्या आत ओहोटी हवी होती. डोंगर उजव्या हाताला ठेवून, त्याला वळसा घालत जायचं, आणि पश्चिमेच्या अंगाला सकाळी डोंगराचीच सावली असते. दुपारी तोच काळा कातळ तव्यासारखा तापतो. रविवार शोधायला गेलो तर त्या महिन्यातले सगळे रविवार एक तर पुनव-अवसेला नाहीतर अष्टमीला चिकटलेले. साहजिकच आहे, आठवड्याचे सात दिवस म्हणजे जवळजवळ सात तिथी, त्यामुळे एक रविवार वाईट निघाला की पुढचेही तसेच. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, तीही भांगाची. पुनवेला ओहोटी सकाळी सहाला, अंधारात, नाहीतर संध्याकाळी सहाला, अंधार पडताना. मधल्या आठवड्यात बुधवारी संकष्टी. चार पाऊणे तीन, ओहोटी नऊला. झालं. नवऱ्याने रजा टाकली, मुलांच्या शाळेला चिठ्ठी दिली. “कौटुंबिक कारण” असं लिहिलं, ते खोटं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी मुक्कामाला पोचलो. ज्यांच्या घरी उतरलो त्या काकांची मागे सुपारीची वाडी आहे. आहे म्हणायचं, कारण ३ जून २०२०ला निसर्ग वादळ याच किनाऱ्याला लागलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरकडच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. काकांनी पुन्हा रोपं लावली आहेत. माझ्या धाकट्याने विचारलं, सुपारी कधी लागणार? काका म्हणाले, “लागेल की. आम्ही लावलेली आम्हीच खाल्ली असं सुपारीत नसतं.” नंतर मला मुकाट्याने एक मोठी टॉर्च आणून दिली, वीज जाते म्हणून.

त्यांना नऊची वेळ सांगितली तर त्यांनी मान हलवली. “संकष्टी चंद्रोदयाला धरतात, ताई. चतुर्थी लागणार ती दिवसा. उद्या सकाळी अजून तृतीयाच. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे ओहोटी साडेआठच्या आत धरा. सातला खाली उतरा.” फोनमधल्या तक्त्यात आठ चाळीस होते. म्हणजे मी माझ्या हुशारीने नऊला ओहोटी धरून निवांत निघाले असते, तर परतीच्या टप्प्यावर पाणी फिरलेलं असतं. तेव्हापासून माझी रीत अशी आहे: दिवस तिथीवरून काढायचा, मिनिटं फोनवरून, आणि निघायच्या आधी गावातल्या माणसाला एकदा विचारायचं. त्यातही शेवटचं पहिल्यांदा करावं. ओहोटी असूनही वारा उलटा असला की लाटा कातळावर चढतात, आणि ते ना पंचांगात असतं ना तक्त्यात.

बुधवारी पहाटे उठून, दर्शन उरकून सव्वासातला आम्ही घळीच्या तोंडाशी. आता खरी अडचण चपलांची. देवाची प्रदक्षिणा अनवाणीच, असं आईंचं म्हणणं. कातळावर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या, असं माझं. बऱ्याच वाटाघाटींनंतर पायऱ्या अनवाणी आणि कातळ बुटांनी, असं ठरलं. नवऱ्याचे जुने स्पोर्ट्स शूज आईंनी दोन मोजे चढवून घातले. नऊवारीखाली निळे बूट. फोटो आहे, पण दाखवायची परवानगी नाही.

आईंचं वय एकाहत्तर, गुडघे त्याहून मोठे. घळीतल्या पायऱ्या त्या आडव्या होऊन उतरल्या, दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या कातळावर. ती घळ इतकी अरुंद आहे ते बरंच आहे, कठड्याची गरज पडली नाही. नवरा खाली तोंड करून पुढे, मी मागे. कोणी घाई करायची नाही, एवढंच ठरलं होतं.

आणि तळाशी यावेळी वाट होती. महिन्यापूर्वी जिथे फेस होता तिथे काळा, ओला, रुंद कातळ उघडा पडला होता. समुद्र पन्नास पावलं मागे सरून उभा, आणि त्याच्यावर पश्चिमेला फिकट चंद्र. वद्य तृतीयेचा, मावळायला निघालेला.

“आई, चंद्र दिसला. उपास सुटला!” नवरा म्हणाला. आईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढचा पाऊण तास मी कुठलीच वेळ पाहिली नाही, आणि पाहायला हवी होती. डोंगराची ती बाजू पाहत राहावी अशी आहे. कातळ पोखरून मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी झाली आहे, बोटं घालता येतील अशी भोकं आणि त्यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ भिंती. लाटांचे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, पाणी वाळतं, मिठाचे खडे फुगतात आणि दगडाचा एकेक कण सुटा करतात. ज्या खळग्यात एकदा ओल धरली तो आणखी खोल होत जातो. मुलीने एका भोकात जीभ लावून मीठ लागतंय का ते तपासलं. लागतं म्हणे. मी ओरडले, पण विचारलं आधी.

धाकटा प्रत्येक डबक्यापाशी थांबत होता. खेकडे त्याच्या सावलीनेच फटीत जात, आणि तो तिथे बसून त्यांना “ये ये” करत बसे. विष्णुपदापाशी आई थांबल्या, हात जोडले, ओल्या दगडावर बोट टेकवून कपाळाला लावलं.

सपाट भाग संपून मोठमोठे गोटे लागतात तिथे आम्ही रखडलो. हिरवं शेवाळ दिसतं, ते टाळता येतं. काळ्या कातळावरची बुळबुळीत साय दिसत नाही. तिथे नवरा सपशेल आपटला, पाठीवरच्या सॅकमुळे वाचला, सॅकमधली उपासाची खिचडी वाचली नाही. त्याच वेळी थोड्या अंतरावर एक बाई टोकदार सळईने कालवं काढत बसल्या होत्या. त्यांनी टोपली उचलली, पाण्याकडे एकदा पाहिलं आणि आम्हाला म्हणाल्या, “पानी फिरलं. म्हातारीला घेऊन चला आता.”

मला तर समुद्र तिथेच दिसत होता. त्यांनी एक कातळ दाखवला. खाली काळा-ओला, वर कोरडा-भुरा, मध्ये सरळ रेघ. “भरतीला एवढं चढतं.” ती रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. त्यानंतर मुलाला खेकड्यांपासून उचलून घ्यावं लागलं नाही, तो आपणहून हात धरून चालू लागला. बाई आमच्या पुढे, गोट्यांवर पाय कुठे टाकायचा ते न बोलता दाखवत. वाळूवर आलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. इतरांना तासाभरात होणाऱ्या वाटेला आम्हाला दोन तास लागले. आईंनी बूट काढले आणि काळभैरवापर्यंतचं अंतर अनवाणी चालून गेल्या.

दुपार झोपेत गेली. संध्याकाळी सावित्रीच्या मुखाकडे फिरलो. पलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो, अठराव्या शतकात इंग्रजांनी घेऊन फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलेला. मुलांना त्यापेक्षा गाड्यांसकट पाणी ओलांडणारी फेरीबोट आवडली.

रात्री नऊच्या सुमारास चंद्र वाडीमागून वर आला. आईंनी अर्घ्य दिलं, काकूंनी उकडीचे मोदक वाढले. मुलीने संधी साधून काकांपुढे चार पंचमांशाचं गणित मांडलं. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“बरोबर आहे बाय तुझं. पण आम्हाला शाळेत पाऊणकी पाठ होती. चार पंचमांशाचे पाढे कुठल्या मास्तराने शिकवलेत?” मग तिच्या पानात तूप वाढत म्हणाले, “आणि पुनवेला आम्ही बाराच धरतो. तेवढं कळतं.”

घरी आल्यापासून कॅलेंडर आईंच्या ताब्यात आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठायचा असं त्यांच्या मनात आहे. परवा त्यांनी पेनने एका चौकोनाला गोल केला.

“अगं आई, तो सोमवार आहे,” नवरा म्हणाला.

“मग?”