कामिनी कोण?

गोव्यात फोंड्याला माझं जुन्या रेकॉर्डी संगणकावर उतरवून द्यायचं काम चालतं. गिऱ्हाईक पावसाळ्यात जास्त. बुरशीचा वास घरभर सुटला की माळ्यावरची खोकी आठवतात. गेल्या जुलैत मार्दोळहून एक गृहस्थ असंच खोकं घेऊन आले. सोबत त्यांची आई, ऐंशी ओलांडलेली.

"आई म्हणते, ह्यात लताबाईंची 'महल'ची रेकॉर्ड आहे. मी दोनदा खोकं उपसलं, नाही मिळाली. पण चांगल्या चांगल्या पुसून आणल्यात."

"कशाने पुसल्या?"

"सॅनिटायझरने. लॉकडाऊनच्या दोन बाटल्या पडून होत्या."

माझ्या पोटात गोळा आला. ७८ गतीची, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी जुनी रेकॉर्ड म्हणजे लाख आणि दगडाची पूड. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार त्याच मिश्रणाने कपाट चकचकीत करतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी मीही एक रेकॉर्ड अशीच घासून मारली होती, त्यामुळे त्यांना बोलायला माझं तोंड नव्हतं. ह्या रेकॉर्डींना साधं पाणी आणि थेंबभर भांड्यांचा साबण पुरतो, मधला नावं छापलेला गोल कागद तेवढा कोरडा ठेवायचा.

वरची रेकॉर्ड 'अलबेला'ची, १९५१ सालची. कागदावर लता आणि चितळकर. हे चितळकर म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, गाताना एक नाव, चाल लावताना दुसरं. त्या सिनेमात ट्रम्पेट घेऊन दिसणारा चिक चॉकलेट आपल्या हळदोण्याचा, पण त्याचं नाव कागदावर कुठेच नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या नाहीतर सेबास्टियन डिसोझा, हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद ज्यांनी उभा केला त्या गोंयकारांना ह्या गोल कागदावर जागा मिळालीच नाही. मी लेबल वाचत बसतो ते ह्याच रागापोटी. असो. तर त्या रेकॉर्डीची झिलई उडून खाचा राखाडी पडल्या होत्या. सुई ठेवली तर गाण्याआधी वाळूच ऐकू आली.

अशा पाच निघाल्या. सगळ्या नामांकितांच्या.

तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक होती, धूळ तशीच. "ती राहू द्या, कोण कामिनी की कोण, तिला कशाला पुसायची," गृहस्थ म्हणाले.

मी कागद दिव्याखाली धरला. सिनेमा 'महल'. गाणं 'आयेगा आनेवाला'. गायिका : कामिनी.

तेव्हाची रीतच तशी होती. पडद्यावरच्या पात्राचं नाव छापायचं, गळा कुणाचा का असेना. कामिनी म्हणजे मधुबालेची भूमिका. १९४९ साली हे गाणं रेडिओवर वाजू लागलं तेव्हा लोक पत्रं पाठवून विचारत, ही गाणारी कोण? मग कंपनीकडून नाव मिळवून रेडिओने सांगितलं, लता मंगेशकर. वीस वर्षांची पोर. तिच्या वडिलांचं मंगेशी मार्दोळहून हाकेच्या अंतरावर, आणि इथे पंचाहत्तर वर्षांनी त्याच कामिनीमुळे मुलाला लताबाई सापडत नव्हत्या. सापडल्या असत्या तर सॅनिटायझर ठरलेलंच होतं.

धुऊन, पुसून, वाळवून लावली. जाड सुई बसवली, एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डींची बारीक सुई ह्या रुंद खाचांत नुसती तळाशी खरडत जाते. आवाज लांबून आला आणि हळूहळू जवळ सरकला. आरंभीच्या ओळी गाताना लताबाई माइकपासून दूर उभ्या राहून चालत पुढे आल्या होत्या, त्यांनीच ते मुलाखतींत सांगितलंय. खेमचंद प्रकाशांची ती चाल. पुढच्या वर्षी ते गेले.

आजी डोळे मिटून बसल्या होत्या. मध्येच बोट वर केलं. "आता अडकेल."

आणि खरंच अडकलं. तोच शब्द चार वेळा आला तेव्हा मी सुई उचलून पुढे ठेवली.

"बाबा मुंबईहून आले की नवी सुई आणायचे," आजी म्हणाल्या. "एकदा विसरले. बोथट सुईने ओरखडा पडला तो हाच."

"हे संगणकावर काढता येतं ना?" मुलाने विचारलं.

"येतं की."

"एक काढून दे," आजी म्हणाल्या, "आणि एक अडकणारी."