पुण्यातली रिसर्च पार्कं फिरून आलो: कुठं जावं, कुठं वेळ घालवू नये, आणि ते टीजीए टेस्टचं बिल

भोसरीत आमचं रबर सील आणि गास्केटचं छोटं युनिट आहे. रिसर्च पार्क, इनोव्हेशन हब हे शब्द आमच्याकडं फक्त सेमिनारमध्ये येतात, समोसा आणि चहाच्या मधल्या वेळात. असंच एका कार्यक्रमात एका वक्त्यानं स्लाइड लावली, की अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना हे तंबाखू आणि कापडगिरण्यांवर जगणारं गरीब राज्य, सरकारनं तीन विद्यापीठांच्या मधे रिसर्च पार्क बांधलं आणि राज्य मालामाल झालं, आणि पुण्यात तर हे सगळं तयारच आहे, तुम्ही लघुउद्योजकच तिकडं फिरकत नाही. ते शेवटचं वाक्य मला चांगलंच झोंबलं. म्हटलं चला, फिरकून बघू. भाचा विद्यापीठात शिकतो, त्याला बाइकवर मागं बसवला आणि निघालो.

खाली जे लिहितोय ते बाइक चालवता येणाऱ्या, उन्हात दोन-तीन किलोमीटर पायी जाऊ शकणाऱ्या आणि बॅगेत आधार, पॅन, जीएसटी आणि उद्यम (लघुउद्योग नोंदणी) सर्टिफिकेटच्या झेरॉक्स ठेवणाऱ्या माणसासाठी आहे. झेरॉक्स नसतील तर जाऊच नका. आणि गुरुवारी जा, एमआयडीसीत त्या दिवशी सुट्टी असते पण या संस्था चालू असतात.

आधी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. विद्यापीठ चौकातले जुने पूल २०२० मध्ये पाडले तेव्हापासून त्या चौकावर माझा विश्वास नाही, त्यामुळं सकाळी नऊच्या आत आत शिरा. चारशे एकरांचा परिसर, झाडी मस्त, पण गेटवर विचारलं की अमुक बिल्डिंग कुठं, तर प्रत्येक जण वेगळ्या दिशेला हात करतो. सायन्स अँड टेक्नॉलॉजी पार्क इथलंच, ऐंशीच्या दशकात केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या योजनेतून आलेलं. म्हणजे जागा राज्याच्या विद्यापीठाची आणि योजना दिल्लीची. हे लक्षात ठेवा, पुढं पैशाचा हिशोब करताना लागतं.

याच परिसरात सी-डॅक, केंद्र सरकारची संगणक संशोधन संस्था. अमेरिकेनं क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, मग १९८८ मध्ये सी-डॅक उभं राहिलं आणि विजय भटकरांच्या टीमनं १९९१ मध्ये परम ८००० हा देशी सुपरकॉम्प्युटर करून दाखवला. ही गोष्ट पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. भाचा म्हणाला, "मामा, परममुळं पुण्याला पैसे किती मिळाले?" विकून फार नाही मिळाले. पण त्याच संस्थेनं नंतर कोर्स सुरू केले, आणि आयटीत भरती करणाऱ्या कुणालाही विचारा, "पोरगा सी-डॅक केलेला आहे" या वाक्याला अजून वजन आहे. त्या पोरांचे पगार, त्यांनी घेतलेले फ्लॅट, त्या फ्लॅटवर भरलेली स्टॅम्प ड्युटी, हे खरं राज्याच्या पदरात पडलेलं. इमारत बघायला जाऊ नका, फोटोसुद्धा धड येत नाही.

एनसीएलचं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं) व्हेंचर सेंटर पाषाण रोडला, २००७ पासूनचं. तिथला दिवस छान गेला, लोक नीट बोलले, लायब्ररी आहे, लॅब आहे, प्रोटोटाइप करायची सोय आहे, फार लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच सांगतो, बायोटेक किंवा मटेरियलमधली नवी कंपनी काढणार असाल तर पहिलं इथं जा. बिरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेची 'बिग' नावाची ग्रँट पन्नास लाखांपर्यंत असते आणि तिचा अर्ज कसा करायचा हे समजावून सांगणारी माणसं तिथं आहेत. चालू युनिटवाल्यांनी मात्र इन्क्युबेशन, म्हणजे नव्या कंपनीला जागा आणि मदत देऊन उभं करणं, हा शब्द विसरा, ते आपल्यासाठी नाही.

आता मुख्य विषय. टीजीए, म्हणजे थर्मोग्रॅव्हिमेट्रिक अ‍ॅनालिसिस: सॅम्पल तापवत नेऊन त्याचं वजन कसं घटतं त्याचा आलेख काढायची टेस्ट.

आमचे एक ग्राहक कंपाउंडचा, म्हणजे सील ज्या रबराच्या मिश्रणातून बनतात त्याचा, टीजीए रिपोर्ट मागत होते. म्हटलं सरकारी पैशातून आलेलं मशीन आहे, आपल्याच टॅक्समधून, तर तिथंच करू. एका संस्थेच्या वेबसाइटवर दर बघितला, सॅम्पलला सहाशे रुपये. नाव घेत नाही, घेतलं तर पुढच्या वेळी सॅम्पल आत जाणार नाही. तीन सॅम्पल घेऊन गेलो. गेटवर पास, पास करायला आतल्या माणसाचा फोन, आतला माणूस मीटिंगमध्ये, मग झाडाखाली बसा, मग आत गेल्यावर कळलं की सहाशे हा दर शैक्षणिक, इंडस्ट्रीला तीन हजार, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे सॅम्पलमागं ३,५४० आणि तीन सॅम्पलचे १०,६२०. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, ते सोडा. पण आधी कोटेशनसाठी मेल, मग पीओ (पर्चेस ऑर्डर), मग पैसे आगाऊ, मग पैसे जमा झाल्याची पावती अकाउंट सेक्शनमधून टेस्टिंगच्या टेबलवर पोचायची, आणि या दोन टेबलांमधे एक जिना आहे फक्त, पण ती पावती तो जिना उतरायला आठवडा लावते. मी म्हटलं मी घेऊन जातो खाली, तर नाही, ती इनवर्डनंच जाणार. शिवाय आलेखाचा अर्थ सांगायचे वेगळे पैसे. खासगी लॅबमध्ये याच्या आसपासच दर आहे आणि पोरगा येऊन सॅम्पल घेऊन जातो. मला सांगा, मग हे पब्लिक फंडिंग नेमकं कुणासाठी आहे? महागडं मशीन दुपारी तीन वाजता बंद पडून होतं, चादर घातलेली, आणि बाहेर मी पीओचा नंबर चुकला म्हणून परत मेल टाइप करतोय.

हा सगळ्यात वाईट पट्टा. इथं चिडून परत फिराल. फिरू नका, कारण पुढचं ऐका.

मशीन चालवणारी मुलगी पीएचडी करणारी असावी. तिनं सीलमधून ब्लेडनं इवलासा तुकडा काढला, दहाएक मिलिग्रॅम, मसूरडाळीएवढ्या पांढऱ्या वाटीत ठेवला आणि वाटी भट्टीत सोडली. नायट्रोजनमध्ये तापवत नेतात, तीनशे अंशांच्या अल्याड-पल्याड तेल उडतं, साडेचारशेच्या आसपास रबर जातं, मग हवा सोडली की कार्बन ब्लॅक, म्हणजे रबरात घालतात ती काजळी, जळतो, खाली उरते ती राख. स्क्रीनवर वजनाची रेघ पायरी-पायरीनं खाली येते. तिसऱ्या सॅम्पलला सातशेच्या सुमाराला अजून एक पायरी आली. ती म्हणाली, "काका, तुम्ही यात खडू घालता का?" आम्ही घालत नाही. आमचा कंपाउंड देणारा घालत होता. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते त्या तापमानाला फुटतं आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, तीच ती पायरी, आणि वरच्या पायरीवरून तेलही जास्त दिसत होतं. म्हणजे मी महागड्या ब्लॅकचे पैसे देऊन खडू आणि तेल विकत घेत होतो आणि सील लवकर चिरतात म्हणून माझ्या ऑपरेटरवर ओरडत होतो! दहा मिनिटांची गप्पा, आणि तिचे पैसे कुणी लावले नाहीत. बाहेर आल्यावर मी भाच्याला जेवढं खायचं तेवढं खा म्हटलं. त्या संध्याकाळी कुणी विचारलं असतं तर मी म्हटलो असतो, प्रत्येक तालुक्यात एक पार्क बांधा.

तो आनंद ओसरल्यावर सुचलेलं लिहितो. पार्कच्या अहवालात काय मोजतात? चौरस फूट, भाडेकरू कंपन्या, करार किती झाले, रोजगार किती. बाणेरच्या भाड्याच्या ऑफिसातली कंपनी स्वस्त जागा मिळाली म्हणून पार्कात आली तर तिची सगळी माणसं नवा रोजगार म्हणून लागतात. एकही नोकरी नवी नसते, फक्त पार्किंग बदलतं. आणि माझ्या रिजेक्शनमध्ये, म्हणजे खराब निघणाऱ्या मालात, वाचलेला पैसा, जो खरंच नवा आहे, तो कुठल्याही अहवालात येणार नाही. त्यामुळं पार्कचा फायदा होतो का, याचं माझं उत्तर, हो, पण गेटमधून बाहेरची माणसं किती आत येतात त्यावर, आणि नेमकं तेच कुणी मोजत नाही.

वक्त्याच्या हिशोबात हिंजवडीही होती, म्हणून तिकडंही गेलो. जाऊ नका. हिंजवडी विद्यापीठाचं पार्क नाहीच, एमआयडीसीचं आहे, राजीव गांधी इन्फोटेक पार्क, जमिनीचे प्लॉट पाडून दिले आणि कंपन्या आल्या. संशोधनाचं श्रेय म्हणून ते आकडे दाखवणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. त्या दिवशी बाइक भाच्याकडं होती, वाकडपासून फेज तीनला रिक्षा केली, २०२२ च्या दरानं पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढं किलोमीटरला १७, म्हणजे दीडशेच्या आत काम, त्यानं तीनशे सांगितले, वर "येताना रिकामा येतो काका". भूमकर चौकात एवढा वेळ उभे होतो की मी त्याला टीजीए समजावून सांगितला. मीटर न टाकणाऱ्याच्या रिक्षात बसू नका, बस पकडा, बसही तितकीच अडकते पण पैसे वाचतात.

राज्याला काय मिळतं यावर माझ्या मेहुण्याशी, तो सीए आहे, बराच वाद झाला. त्याचं म्हणणं मला पटलं म्हणून देतो. जीएसटी माल जिथं खपतो त्या राज्याला जातो. पुण्याच्या पार्कात तयार झालेलं यंत्र कोइमतूरला विकलं तर राज्याचा वाटा तमिळनाडूला. इन्कम टॅक्स केंद्र गोळा करतं, त्यातला वाटा ठरलेल्या सूत्रानं सगळ्या राज्यांत वाटला जातो. महाराष्ट्राला थेट मिळतो तो प्रोफेशनल टॅक्स, माणशी वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये, स्टॅम्प ड्युटी, आणि पगार इथं खर्च होतो त्यातलं जे काही. म्हणून राज्यानं नुसत्या इमारतीवर पैसे घातले आणि कंपनी मोठी झाल्यावर बेंगळुरूला गेली, तर हातात राहतो तो उद्घाटनाचा फोटो. माणसं इथं राहिली तरच हिशोब जमतो.

आणि ते नॉर्थ कॅरोलायना. स्लाइड अर्धीच खरी होती. रिसर्च ट्रँगल पार्क १९५९ चं, डरहॅम, चॅपल हिल आणि रॅली अशा तीन ठिकाणच्या विद्यापीठांच्या मधलं, आज सात हजार एकरांवर शेकडो कंपन्या. पण सरकारनं बांधलं हे खरं नाही. आधी एका खासगी गुंतवणूकदाराच्या भरवशावर होतं, ते जमेना, मग आर्ची डेव्हिस नावाच्या बँकरनं राज्यभर फिरून देणग्या गोळा केल्या आणि ना-नफा फाउंडेशननं जमीन घेतली. राज्याचा पैसा होता तो विद्यापीठांत, त्यातली दोन सरकारी. आणि पहिली काही वर्षं पार्क जवळपास रिकामं, आयबीएम आली ती १९६५ मध्ये, त्याच सुमाराला तिथल्या केंद्र सरकारची आरोग्य संशोधन संस्थाही. आपल्याकडं सहा वर्षं रिकामं पार्क राहिलं तर चौकशी समिती बसेल. विधानसभा पाच वर्षांची असते, हाच खरा घोळ आहे.

त्यापेक्षा चेन्नईचं बघा, आयआयटी मद्रास रिसर्च पार्क, २०१० पासूनचं. तिथं भाडेकरू कंपनीला संस्थेबरोबर केलेल्या कामाचे क्रेडिट कमवावे लागतात, विद्यार्थी घ्या, प्राध्यापकांबरोबर प्रोजेक्ट करा, नाहीतर नुसतं भाडं भरून बसता येत नाही. पुण्यात हे लावलं तर अर्ध्या पाट्या उतरतील, उतरू द्या.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं: दर विचारताना "इंडस्ट्री, जीएसटीसकट, अर्थ सांगण्यासकट" असं तिन्ही शब्द मेलमध्ये लिहून विचारा, फोनवर नको. पीओवर संस्थेचं पूर्ण नाव त्यांच्या कोटेशनमधून जसंच्या तसं कॉपी करा, स्पेलिंगसकट. मार्चमध्ये जाऊ नका, सगळे हिशोब बंद करण्यात गुंतलेले असतात. सॅम्पल ताजं कापलेलं, झिपच्या पिशवीत, बॅच नंबर लिहून न्या, आणि सोबत कंपाउंडवाल्यानं दिलेली रेसिपी पण न्या, टेस्ट चालू असताना मशीनपाशी उभं राहायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर खासगीत करा, दर तोच आहे.