तुलनेचं मूल

ज्याच्यासाठी मला बोलावलं होतं तो मुलगा, मी वर्गात पाऊल ठेवलं तेव्हा खिडकीच्या गजांना लोंबकळत होता. गणेश चवथीला दोन आठवडे उरले होते, पाऊस कौलांवर ताशा वाजवत होता आणि सर तिसरी-चौथी एकत्र सांभाळत होते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली सरकारी प्राथमिक शाळा. चार इयत्ता मिळून पट 22, शिक्षक दोन. मी विशेष शिक्षिका, महिन्यातून एक फेरी.

"मॅडम, आता तुम्हीच बघा," सर म्हणाले. "पाठ वळली की हा उठलाच. काल पावभाजीच्या पातेल्यात डस्टर गेलं." मला हसू आलं, पण दुपारचा आहार आणणाऱ्या बाया दारातच उभ्या होत्या. गिळलं.

निरीक्षणाची आमची पद्धत साधी आहे. मागे बसायचं, घड्याळ लावायचं, दर 15 सेकंदांनी मान वर करून बघायचं. मूल कामात असेल तर टीक, नसेल तर फुली. 20 मिनिटांत 80 खुणा. कागदावर रकाने दोन. डावा ज्याची तक्रार आहे त्याचा, उजवा वर्गातल्या चारचौघांसारख्या एखाद्या मुलाचा. मूलच अस्वस्थ आहे की सगळा वर्ग कंटाळलाय, हे त्याशिवाय कळत नाही. मुलाशी मुलाचीच तुलना करावी असा नियम. पण तिसरीत मुलगे दोनच, आणि दुसरा तापाने घरी.

"हिला घ्या," सरांनी दुसऱ्या बाकावर बोट दाखवलं. "सगळ्यात शहाणी. तोंडातून शब्द नाही."

ती माझ्या ओळखीची. दोन वर्षं दर फेरीला तीच मला पेल्यातून पाणी आणून द्यायची, आणि दर वेळी अर्धं वाटेत सांडलेलं असायचं. मी म्हणायचे, लाजते बिचारी.

सरांनी फळ्यावर वजाबाक्या लिहिल्या. मुलगा एका पायावर उभा राहून, बाक हलवत, शेजारणीचं खोडरबर पळवत, पण गणितं सोडवत होता. ती मात्र स्तब्ध. पेन्सिल वहीवर, मान फळ्याकडे. मी टिका देत गेले. सहाव्या मिनिटाला माझं लक्ष पेन्सिलीच्या टोकाकडे गेलं. ते हललंच नव्हतं. डोळेही फळ्यावर नव्हते, वर गळणाऱ्या कौलावर होते. तोवरच्या माझ्या सगळ्या टिका खोट्या. मी नवा कागद घेऊन पहिल्यापासून मोजायला बसले.

मुलाच्या फुल्या 31. तिच्या 52.

हातून घोळ झाला असं आधी वाटलं. मग तिची वही मागितली. वजाबाकीची पाच उदाहरणं उतरवलेली, तिसरं अर्ध्यात तुटलेलं, हातचा घेतलेला पण वापरलेला नाही. मराठीच्या वहीत तेच. ओळ मध्येच थांबायची आणि दुसऱ्या दिवशीची तारीख सुरू व्हायची. शेवटच्या पानावर मात्र अख्खी माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधतात ती फळांची सजावट, काढलेली. नारळांचा घोस, सुपारीचा घड, कवंडळ, एकेक फळ नीट. म्हणजे हात चालतो, डोळेही चालतात.

एकटक बघत बसणाऱ्या मुलीच्या बाबतीत आणखी एक शंका घ्यावी लागते. फिटचा एक प्रकार असा असतो की मूल पडत नाही, झटके येत नाहीत; काही सेकंद हरवतं आणि परत येतं. तेवढ्या वेळात हाक मारली, हात लावला, तरी त्याला कळत नाही. मी तिच्या खांद्यावर बोट टेकवलं. ती लगेच वळली आणि ओशाळली. ते ओशाळणं मला लागलं. रोजच्या सवयीचं होतं.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खिडकीला लोंबकळणारा पोरगाच येतो, आणि यात शिक्षकांचा एकट्यांचा दोष नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 1968 च्या निदान-पुस्तिकेत या त्रासाच्या नावातच अतिचंचलता होती. लक्ष न लागणं नावात पुढे आलं ते 1980 मध्ये. गप्प राहून हरवणाऱ्या मुलांना तोवर नावातही जागा नव्हती. मुलींमध्ये हाच गप्प प्रकार जास्त दिसतो हे मी प्रशिक्षणात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि दोन वर्षं तिच्या हातचं अर्धा पेला पाणी पीत होते.

निदान करणं माझं काम नाही, डॉक्टरांचं. लक्षणं बाराव्या वर्षाआधीची हवीत, सहा महिने टिकलेली हवीत आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. म्हणून तिच्या आईला बोलावलं. आई काजूच्या कारखान्यात जाणारी. मी प्रश्न वाचत होते, ती हो-नाही सांगत होती. वस्तू हरवते? हो. सांगितलेलं अर्ध्यावर सोडते? हो. समोर बसून बोललं तरी ऐकत नाहीसं वाटतं? ती थांबली.

"टीचर, हें तुमी तिचें विचारतात काय म्हजें?"

हे तिचं विचारताय की माझं, असं तिला म्हणायचं होतं. मग तीच हसली. तिचं स्वतःचं दूध उतू जाणं, बस पुढे निघून जाणं, दहावीला दोनदा बसणं. हा त्रास घराण्यात उतरतो हे मी तिला सांगितलं. दोष म्हणून नाही, उंचीसारखा. त्यावर ती बराच वेळ गप्प होती.

बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलचं नाव काढल्यावर आजी बिथरली. तिला तिथलं फक्त वेड्यांचं हॉस्पिटल माहीत. देवळात गाऱ्हाणं घालूया, ती म्हणाली. मी म्हटलं, घाला, आणि मंगळवारी केसपेपर काढायला या. डॉक्टरांनी कान, डोळे, रक्त तपासलं, मेंदूचा आलेखही काढला; तो साफ निघाला. सरांनी आणि आईने वेगवेगळे फॉर्म भरले, दोन्ही जुळले. निदान व्हायला चार महिने गेले.

मुलाचंही निदान त्याच सुमारास झालं. त्याच्याबद्दल शंका कुणालाच नव्हती. त्याला शेवटच्या बाकावर उभं राहून लिहायची मुभा दिली आणि वह्या वाटायचं काम दिलं. खिडकी सुटली.

तिच्यासाठी आधी बाक बदलला, पाच गणितांऐवजी दोन-दोन दिली, सरांनी बोलता बोलता बाकावर बोट टेकवायची सवय लावून घेतली. थोडा फरक पडला. पुढे डॉक्टरांनी सकाळची, लक्ष टिकायला मदत करणारी मिथिलफेनिडेटची लहान गोळी सुरू केली. तिचा असर साधारण चार तास, म्हणजे शाळेपुरता. भूक मेली, पावभाजी तशीच परत जायला लागली. मग आई गोळीआधी पेज आणि अंडं द्यायला लागली आणि रात्रीचं जेवण वाढवलं. दर फेरीला मी वजन लिहून ठेवते. नाडी आणि रक्तदाब डॉक्टर बघतात.

त्याच आठवड्यात मी कपाटातले जुने निरीक्षणाचे कागद काढले. सात वर्षांचे. आजवर मी फक्त डावा रकाना मोजत आले होते. उजवा नुसता मापाचा. या वेळी दोन्ही मोजले. तीन कागदांवर उजवीकडे फुल्या जास्त निघाल्या. डावीकडे मुलाचं नाव, इयत्ता, जन्मतारीख, सगळं नीट भरलेलं. उजव्या रकान्यावर, छापील फॉर्मप्रमाणे, फक्त 'तुलनेचं मूल'.