तुम्ही विचारलंत म्हणून: मंत्र्याला सरळ चोर का म्हणत नाही?

म्हार्दोळच्या देवळात जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेत यंदाही एकाने गाठलंच. "भाऊ, राजकारणावर एवढं लिहिता, पण मंत्र्याला सरळ चोर म्हणत नाही. भिता काय?"

भितो, थोडा. चाळीस मतदारसंघांचा आपला गोवा. ज्याच्यावर शनिवारी लिहावं तो रविवारी कुणाच्या तरी लग्नात पंगतीला शेजारी. पण खरं कारण वेगळं आहे.

एका मंत्र्याला मी एकदा 'दलाल' लिहिलं. पुढच्याच सभेत त्याने तो शब्द मिरवला: "बहुजनांच्या पोराला हे भटजी दलाल म्हणतात!" टाळ्या पडल्या. त्याच लेखात खाली मी जमिनीचे सर्व्हे नंबर दिले होते. त्यांबद्दल आजतागायत कुणी अवाक्षर काढलेलं नाही. माझ्या एका शब्दाने त्याची सुटका केली होती.

म्हणून मवाळ लिहावं, असंही नाही. नगरनियोजन कायद्यात 2023 साली कलम 17(2) आलं. कुठली जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्यात नजरचुकीने राहिलेल्या चुकांची म्हणे 'दुरुस्ती'. किती सभ्य शब्द! या दुरुस्तीत भातशेती आणि बागायत 'सेटलमेंट', म्हणजे बांधकामाची जमीन, झाली. शिवी देणारा निदान तोंडावर देतो. मला विचाराल तर 'दुरुस्ती' हा त्याहून असभ्य शब्द आहे, आणि तो छापताना कुणाचाही हात अडखळत नाही. मी तिथे 'शेत बुजवलं' लिहितो. मग फोन येतात, आणि ते मात्र सर्व्हे नंबरांवर बोलायला येतात.

कडक भाषा मी लहानपणी ऐकली ती 1967 च्या जनमत कौलात: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा? आमचं घर विलीनीकरणवालं, म्हणजे फूल या निशाणीचं. शेजारचं वेगळ्या गोव्याचं, दोन पानांचं. आमच्याकडे 'गोमंतक' हे दैनिक यायचं, त्यांच्याकडे 'राष्ट्रमत'. महाराष्ट्रात जायचं नाही, हेही मराठीतूनच ठणकावलं जात होतं! 'राष्ट्रमत'मधलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर वडील दात-ओठ खात वाचायचे. पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, कारण त्यातल्या मुद्द्याला उत्तर शोधायचं असे. मग संध्याकाळभर सोप्यावर त्यावरून वाद.

16 जानेवारीला मतदान झालं. 34,021 मतांनी आम्ही हरलो. दोन दिवस वडील कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाशी जाऊन त्यांनी शेजाऱ्यांकडे 'राष्ट्रमत' मागितला.