नेटवर्क गेलं

काल दुपारी आई मागच्या पडवीतून ओरडली, "नेटवर्क गेलं गो!" सिरियल मधेच थांबून ते गोल गोल चक्र फिरत बसलेलं. आमच्या सत्तरीत, म्हणजे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, नेटवर्क म्हणजे रेंज आणि रेंज म्हणजे पडवीच्या डाव्या कोपऱ्यातली हातभर जागा, पावसात तीही जाते. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही. २०२० मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा इथली आणि सांगे तालुक्याकडची पोरं मोबाईल घेऊन डोंगरावर जाऊन बसायची, आठवत असेलच.

तर आईच्या लेखी नेटवर्क म्हणजे येणारी-जाणारी वस्तू, विजेसारखी. पणजीत नोकरी करणारा माझा भाऊ "आपलं नेटवर्क चांगलं आहे" म्हणतो तेव्हा मात्र त्याला ओळखी म्हणायच्या असतात, म्हणजे दुसऱ्याच्या असल्या की ज्याला आपण वशिला म्हणतो तेच. शब्द एकच, आईचं नेटवर्क ढगात अडकतं आणि याचं सचिवालयात.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून आहे, तेव्हा अर्थ अगदी साधा, धाग्याचं नाहीतर तारेचं जाळीकाम. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशात त्याची इतकी अवघड व्याख्या करून ठेवली की लोक अजून हसतात, पण मला ती आवडते कारण त्यात धागे एकमेकांना छेदतात तिथल्या मधल्या मोकळ्या जागाही मोजलेल्या आहेत. मग कालवे आले, रेल्वे आली, टेलिफोन आला, सगळ्यांना हाच शब्द लागला, आणि १९६९ ला अमेरिकेत आर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं कॉम्प्युटरचं जाळं, सुरू झाल्यावर कॉम्प्युटरवाल्यांनी तो जवळजवळ पळवलाच. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. मराठीत आंतरजाल, महाजाल असे शब्द झाले, लिहायला छान आहेत, पण आईला महाजाल म्हटलं तर ती चुलीतला जाळ समजेल. आणि गंमत म्हणजे नेट हा शब्द मराठीत आधीपासून आहेच की, नेटाने काम करणे मधला! त्या हिशोबाने नेटवर्क म्हणजे नेटाने केलेलं काम. (व्युत्पत्तीवाल्यांनी मारू नये.)

हे नेटाचं काम बघायचं तर रांपण बघा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून करायची मासेमारी. मोरजीला बाबांचे एक दोस्त आहेत, आम्ही काकाच म्हणतो त्यांना. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धा गोल मारून येते, दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडची माणसं ओढत ओढत हळूहळू एकमेकांजवळ सरकतात, मग जे येईल त्याचे वाटे. वीस माणसं असतील तर त्यांच्यात जोड्या होतात १९०, आणि काका म्हणतात त्यातल्या निम्म्यांचं पटत नाही, कोणाचा बांधावरून वाद कोणाचा लग्नावरून, पण दोरी हातात असेपर्यंत ते कोणाला आठवत नाही. सत्तरच्या दशकात ट्रॉलर, म्हणजे यंत्रावरच्या मोठ्या बोटी, वाढले आणि किनाऱ्याजवळच मासे ओरबाडायला लागले तेव्हा गोवाभरचे रांपणकार उभे राहिले, त्यातून १९८० चा मासेमारीचा कायदा आला. त्यांच्यातल्या कोणाजवळ मोबाईल नव्हता, गावोगावी चालत नाहीतर सायकलवरून निरोप जात असणार.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा काका माडाखाली बसून जाळं शिवत होते. मी विचारलं सगळी भोकं सारखीच का ठेवता, तर म्हणाले बारीक केली की पिल्लं पण येतात, मग पुढच्या वर्षी काय खाणार, तुझं डोकं? जॉन्सनसाहेब आठवले मला.

मग सवयीने विचारलं, काका इथे नेटवर्क असतं ना?

"फुल्ल! सकाळपासून सात जणांचा फोन आला, बांगडा गावला काय म्हणून."

गावला होता?

"खंयचो!" (कुठला!)