आमची वाटचाल: पंढरपुरातला एक कुंकू-बुक्क्याचा कारखाना

पंढरपुरात धंद्याचे वर्ष एप्रिल ते मार्च असे कोणी धरत नाही. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार यात्रांवर आमचे हिशेब चालतात, आणि त्यांतही आषाढीला आम्ही नुसते 'मोठी यात्रा' म्हणतो, कारण वर्षाची निम्मी उलाढाल त्या एका पंधरवड्यात होते. आजोबांनी १९५८ साली महाद्वारात पत्र्याच्या डब्यातून बुक्का विकायला सुरुवात केली, वडिलांनी स्टेशन रोडच्या मागच्या बाजूला भाड्याच्या जागेत पल्व्हरायझर, म्हणजे दळण्याचे यंत्र, बसवला, आणि धंदा आम्हा दोघा भावांच्या हाती आला तेव्हा कुंकू, बुक्का, अष्टगंध आणि गुलाल असा चार प्रकारचा माल प्रदक्षिणा मार्गावरच्या साठ-पासष्ट दुकानांत जात होता. कामाला सात बायका आणि दोन गडी होते.

खरे कुंकू हळदीचे असते, हे हल्ली सांगावे लागते. हळकुंडे फोडून लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांच्या पाण्यात भिजवली आणि सावलीत वाळवली की पिवळ्याचे लाल होते, आणि मग ती दळून वस्त्रगाळ करायची. हे कुंकू महाग पडते, त्यामुळे पिठावर रंग चढवलेले स्वस्त कुंकूही आम्ही करतो आणि खपही त्याचाच जास्त आहे. उगाच खोटा आव आणण्यात अर्थ नाही. बुक्क्याचे खाते दादाचे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे होते. कोळशाची पूड, नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी यांचे प्रमाण त्याच्या वहीत लिहिलेले होते, पण शेवटचा निर्णय त्याचे नाक देई.

माघी यात्रा ५ फेब्रुवारी २०२० रोजी चांगली झाली. दुकानदारांकडची उधारी वसूल करून आम्ही बँकेचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे कर्ज उचलायचे खाते, नेहमीप्रमाणे भरून टाकले, कारण चैत्री आणि आषाढीसाठी हळद घ्यायला मार्चमध्ये तेच पैसे पुन्हा उचलायचे असतात. सहा लाखांच्या मर्यादेपैकी महिनाअखेरीस देणे बाकी राहिले ते ४१ हजार रुपये. ही शिस्त वडिलांनी घालून दिलेली होती आणि आम्हाला तिचा अभिमान होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून २२ क्विंटल हळद आली, आणि १७ मार्चला विठ्ठलाचे मंदिर दर्शनासाठी बंद झाले. देश २५ मार्चपासून बंद झाला. आम्ही त्याच्या आठवडाभर आधीच घरी बसलो होतो. २२ मार्चच्या संध्याकाळी सगळीकडे थाळ्या वाजल्या, आमच्या गल्लीत टाळही वाजले, आणि कोणाच्या तरी घरून 'ज्ञानबा-तुकाराम'ही ऐकू आले. काही दिवसांतच संपेल, असे त्या दिवशी सगळ्यांनाच वाटत होते.

चैत्री यात्रा झाली नाही. मे महिन्यात २० लाख कोटींच्या पॅकेजची घोषणा झाली आणि १३ मे रोजी अर्थमंत्र्यांनी लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटींची विनातारण कर्जयोजना जाहीर केली, तेव्हा दादाने टीव्हीसमोर बसून आकडे लिहून घेतले. दुसऱ्या आठवड्यात बँकेत गेल्यावर नियम कळला: २९ फेब्रुवारी २०२० रोजी खात्यावर जी बाकी असेल तिच्या २० टक्के. आमच्या ४१ हजारांचे होतात ८,२००. अधिकाऱ्याने गणकयंत्र आमच्याकडे वळवून दाखवले, आणि बिचाऱ्याला स्वतःलाही हसू आवरेना. ज्यांनी खात्यावर मोठी बाकी ठेवली होती, त्यांना जास्त मिळाले. हातगाडीवाल्यांसाठी जूनमध्ये जी योजना आली तिच्यात दहा हजार मिळत होते. म्हणजे कारखानदार असल्यामुळे आम्ही हातगाडीवाल्यापेक्षा अठराशे रुपयांनी मागे होतो. नियम कोणी मुद्दाम आमच्याविरुद्ध केला नव्हता, हे मला समजते. पण ज्यांचे वर्ष फेब्रुवारीत संपते असे धंदे या देशात असतात, हे नियम करणाऱ्यांपैकी कोणाच्या डोक्यात आले नाही.

हळद मात्र पडून होती. त्या उन्हाळ्यात प्रत्येक घरात काढा आणि हळदीचे दूध चालू होते, तेव्हा माझ्या बायकोने सांगितले की कुंकवाची वाट पाहण्यापेक्षा हळदपूड विका. आमच्या पल्व्हरायझरमधून वर्षानुवर्षे टाकणखार घातलेला माल गेलेला असल्याने त्यावर खाण्याची हळद दळणे शक्यच नव्हते. म्हणून ओळखीच्या मसाला कांडपवाल्याची गिरणी दुपारच्या वेळी घेतली, वर्षाला शंभर रुपये भरून अन्नसुरक्षेची नोंदणी केली आणि पाव किलोची पाकिटे भरली. सातपैकी चार बायकांना त्यामुळे काम देता आले. उरलेल्या तिघींना अर्धा पगार दिला, तोही तीन महिनेच.

१ जुलै २०२० रोजी आषाढी एकादशी होती. मानाच्या पालख्या मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने आल्या, गावात संचारबंदी होती, आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केलेली शासकीय महापूजा आम्ही मंदिरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहून टीव्हीवर पाहिली. त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत परभणी, लातूर, बुलढाणा, विजापूर अशा ठिकाणांहून फोन येऊ लागले होते. यंदा येता येत नाही, बुक्का पाठवता का, असे ते विचारत. आमच्या पाकिटावर फोन नंबर छापलेला असतो, त्याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. एका वयस्कर माळकऱ्याने नातवाच्या मोबाइलवरून ५१ रुपये पाठवले आणि सांगितले, "नामदेव पायरीला लावून मग टपालात टाका, माउली." मी पाकीट घेऊन गेलो, पायरीपर्यंत जाण्याचा रस्ता बांबू आडवे बांधून बंद केला होता. तेथूनच हात जोडले आणि पाकीट पोस्टात टाकले. पायरीला लावले, असे त्यांना फोनवर सांगितले. खोटे बोललो.

त्या महिन्यांतला राग मंदिर बंद ठेवल्याचा नव्हता, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. पाच-सात लाखांची यात्रा भरली असती तर काय झाले असते, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. राग आला तो मंदिराच्या नावाने जे चालले त्याचा. मद्याची दुकाने मे महिन्यातच उघडली आणि मंदिरे मात्र बंद, यावरून ऑगस्टमध्ये घंटानाद झाला. ३१ ऑगस्टला पंढरपुरातच मोठे आंदोलन झाले आणि बाहेरगावच्या गाड्यांनी रस्ते भरले. ऑक्टोबरात राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यातल्या पत्रांवरून राज्यभर धर्मनिरपेक्षतेची चर्चा झडली. या सगळ्यात पांडुरंगाचे नाव दोन्ही बाजूंनी भरपूर घेतले गेले. चुरमुरेवाले, तुळशीच्या माळा ओवणारे काशीकापडी, फोटोवाले, मठांबाहेरचे चहावाले आणि आमच्यासारखे लोक सात महिने काय खात आहेत, हा प्रश्न मात्र कोणत्याच पत्रात नव्हता. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, मंदिर उघडले आणि दहाच दिवसांनी आलेली कार्तिकी पुन्हा संचारबंदीत गेली.

मधल्या काळात, सप्टेंबरमध्ये, मला स्वतःला करोना झाला. ताप फार नव्हता, पण वास पूर्ण गेला. बुक्क्याच्या पोत्यात तोंड घालून बसलो तरी काही कळत नसे. दादा हसून म्हणायचा, तू हिशेब बघ, वास मी बघतो.

मग २०२१चा एप्रिल आला. ५ तारखेपासून मंदिर पुन्हा बंद, दुकाने बंद, आणि १४ तारखेपासून राज्यभर कडक निर्बंध. पण पंढरपूर-मंगळवेढा विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक होती आणि मतदान १७ एप्रिलला होते. राज्यभरातले नेते आमच्याकडे आले. सभा झाल्या, कोपरा बैठका झाल्या, आणि आमच्या बंद शटरसमोरून पदयात्रा गेली तेव्हा एका कार्यकर्त्याने शटर वाजवून मत मागितले. त्याच शटरची एक फळी वर ठेवली म्हणून त्याआधी चार दिवस मी दंड भरला होता. मतदानानंतर एका पक्षाच्या माणसाने निकालाच्या दिवसासाठी ८० किलो गुलाल सांगितला आणि पाच हजार आगाऊ दिले. गुलाल अत्यावश्यक सेवेत मोडत नाही, असे मी म्हणालो. "गाडी रात्री येईल, काळजी करू नका," असे उत्तर आले. बायकांचा पगार द्यायचा होता, म्हणून दार आतून लावून मी तो माल केला. त्याचे समर्थन करत नाही. पुढे निवडणूक आयोगाने विजयी मिरवणुकांवर बंदी घातली, २ मे रोजी निकाल लागला, आणि गाडी आली नाही. उरलेले पैसेही आले नाहीत. त्या गोण्या पावसाळ्यात दमट होऊन त्यांत गुठळ्या धरल्या.

दादा १९ मे रोजी गेला. ऑक्सिजनच्या खाटेसाठी पंढरपूर, मग अकलूज, मग सोलापूर असे फिरलो. याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

पुढच्या आषाढीलाही संचारबंदी होती. ऑगस्टमध्ये राज्यातले निर्बंध सैल होत असताना जिल्ह्यातल्या पाच तालुक्यांत, त्यांत आमच्याही, ते पुन्हा कडक झाले आणि व्यापारी रस्त्यावर उतरले. मीही त्यांच्यात उभा राहिलो, आयुष्यात पहिल्यांदाच. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, मंदिर उघडले. कार्तिकी भरली खरी, पण तेव्हा एसटीचा संप होता. पूर्ण वारी आली ती थेट १० जुलै २०२२ रोजी. तोवर मुख्यमंत्रीही बदलले होते. त्या आषाढीला आमचा माल एकादशीच्या आदल्या दिवशी संपला, कारण इतकी गर्दी होईल या अंदाजाने माल करण्याचे धाडसच झाले नव्हते.

आज कामाला पाच बायका आहेत. हळदपूड चालू आहे, आता तिची गिरणी वेगळी आहे. बुक्क्याचे प्रमाण दादाच्या वहीतले आहे, पण माझे नाक पूर्वीसारखे राहिलेले नाही. त्यामुळे वीस वर्षे आमच्याकडे असलेल्या मावशी प्रत्येक घाण्याला चिमूटभर बुक्का तळहातावर चोळून वास घेतात आणि मान हलवली तरच तो पाकिटात जातो.

माघी यात्रा झाली की उधारी अजूनही वसूल होते, पण कॅश क्रेडिटचे खाते मी आता पूर्ण भरत नाही; दोन लाख बाकी ठेवतो. हातात पैसे असताना व्याज कशाला भरता, असे आमचे कर सल्लागार दर वर्षी विचारतात. मी त्यांना २९ फेब्रुवारी २०२०चा खातेउतारा काढून दाखवतो. तो टेबलाच्या खणात वरच ठेवलेला आहे.