शू-रॅकमागचा मासा

पहिला मासा सापडला तो सोमवारी सकाळी, केर काढताना, शू-रॅकच्या मागे. लाल स्वोर्डटेल, वाळून पार काडी झालेला, शेपटीपाशी मुंग्यांची रांग. सासूबाईंनी शेजारच्या बोक्यावर खापर फोडलं. मलाही पटलं, कारण दोन फुटी टाकीतला मासा दारापर्यंत जाईल कसा? (जातो. उडी फार लांब नसते, पण फरशीवर तडफडत तो बराच सरकतो.)

पुढच्या सोमवारी दुसरा गेला. त्या रात्री खिडक्या-दारं बंद होती, म्हणजे बोका निर्दोष सुटला.

झाकण नव्हतं असं नाही. टाकीबरोबरच मिळालेलं, दिवा बसवलेलं प्लॅस्टिकचं झाकण होतं. पण मागच्या कोपऱ्यात फिल्टरच्या पाइपसाठी दोन बोटं मोकळी जागा. एवढ्या मोठ्या टाकीत माशाला नेमकी तीच जागा कशी सापडते, याचं मला अजून नवल वाटतं. दुकानदार म्हणाला, "स्वोर्डटेल उड्या मारतातच, ताई." हे विकताना सांगितलं असतं तर!

पण मग सहा महिने का नाही मारल्या? आणि दोन्ही वेळा सोमवारच का? रविवारी मी पाणी बदलते, हे लक्षात यायला मला दोन मासे लागले.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. एरवी मी नळाचं पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून ठेवायचे, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. मे महिन्यात टँकर सुरू झाले, पाणी कधी येईल याचा भरवसा उरला नाही, म्हणून थेट नळाखालची बादली टाकीत. सोसायटीच्या वॉचमनकाकांकडे क्लोरीन तपासायची छोटी बाटली असते. त्यांनी थेंब टाकले आणि पाणी हळदीसारखं पिवळं झालं. क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात. ओढ्या-डबक्यात राहणाऱ्या माशाला उडी मारून कदाचित शेजारचं बरं पाणी मिळत असेल. आमच्याकडे शेजारी शू-रॅक होता.

तिसरा वाचला. पहाटे साडेचारला सासरे फिरायला जायला उठले, त्यांनी ट्यूब लावली आणि मागोमाग टप्प असा आवाज. अंधारात एकदम झगझगीत उजेड पडला की मासे बिचकतात, हेही तेव्हाच कळलं. मी हात ओले करून त्याला उचललं (कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो) आणि टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या मगात सोडलं. दहा मिनिटं आडवा पडून होता. मग कल्ले हलले. सासूबाईंनी नाव ठेवलं पळपुट्या.

आता टाकीवर खिडक्यांना जाळ्या बसवणाऱ्याकडून करून घेतलेली ॲल्युमिनियमची चौकट आहे, डासांची जाळी लावलेली. तो म्हणाला, "खिडकी फारच लहान आहे हो तुमची." पाइपाभोवतीच्या फटीत स्पंजचा तुकडा खोचलाय. नवऱ्याचं म्हणणं, वरून स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकच ताणून बसव. पण टाकीत गुरामी आहेत, त्यांना वर येऊन हवा घ्यावी लागते; कोंडून कसं चालेल? उलट पाणीच मी काठापासून दोन इंच खाली ठेवते. वर थोडी तरंगती झाडं सोडलीत. हॉलमध्ये रात्रभर झिरोचा दिवा असतो.

पाणी निम्मं नाही, पाव भागच बदलते, तेही अँटिक्लोरीन घालून. शनिवारी रात्री बाथरूममध्ये तीन बादल्या भरलेल्या असतात आणि आंघोळीवरून दर रविवारी कुरबूर होते.

पळपुट्या आहे अजून. जाळीवर आतून टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, ते लिंबाच्या सालीने घासावे लागतात. तेवढा वेळ टाकी उघडी असते, म्हणून वर ताट धरून कुणालातरी उभं करते.